पहिला सिबिल स्कोअर: एफडीवरचं कार्ड घ्यावं की हप्त्यावर मोबाइल?

उद्यमबागेत नोकरीला लागून वर्ष झालं, पगार खात्यात येतो, गल्लीतली भिशी आणि पतसंस्थेची पिग्मी कधी चुकली नाही. तरी दुचाकीच्या कर्जाला गेलं की ऐकायला मिळतं, ‘तुमची हिस्ट्रीच नाही.’ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या बऱ्याच पोरापोरींची हीच गत. भिशी आणि पिग्मी म्हणजे बचत, आणि सिबिलकडे, म्हणजे कोण कर्ज कसं फेडतं याची नोंद ठेवून त्यावरून गुण (स्कोअर) देणाऱ्या कंपनीकडे, नोंद होते ती कर्जाची. पतसंस्थेचं किंवा सौहार्द सहकारी संस्थेचं कर्ज वेळेत फेडलंत तरी अनेक लहान संस्थांकडून ती माहिती पुढे जातच नाही. फॉर्मवर सही करण्याआधी तेवढं विचारून घ्या. (रिझर्व्ह बँकेचं म्हणणं आहे की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ हिस्ट्री नाही म्हणून फेटाळू नये. नियम आहे, पण काउंटरवर त्यावरून वाद घालत बसायची ताकद किती जणांत असते?)

नोंद सुरू करायला नवख्यासमोर सहसा दोन वाटा असतात: बँकेत एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड, नाहीतर दुकानातूनच फायनान्सवर मोबाइल किंवा फ्रिज.

मिळायला सोपा हप्ताच. खडेबाजारात मोबाइल पसंत करायचा, आधार-पॅन दाखवायचं, चहा येईपर्यंत कर्ज मंजूर. कार्डाला आधी पैसे अडकवावे लागतात. समजा २०,००० रुपयांची एफडी केलीत आणि बँकेने ८० टक्के लिमिट दिलं, तर हातात १६,००० चं कार्ड येतं. टक्केवारी बँकेगणिक बदलते. एफडीवर व्याज चालूच राहतं, मात्र कार्ड आहे तोवर ती मोडता येत नाही. उत्पन्नाचा दाखला बहुधा कोणी मागत नाही, त्यामुळे कॉलेजात शिकणाऱ्यालाही हे जमतं.

खर्चाचा हिशेब मात्र नीट बघा. ‘नो कॉस्ट’ हप्त्यात व्याज दिसत नाही, पण प्रोसेसिंग फी असते, रोखीवर मिळणारी सूट जाते, आणि काउंटरवरचा पोरगा बोलता बोलता विमा नाहीतर एक्स्टेंडेड वॉरंटी चिकटवतो. यावर एक चांगला उपाय आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जाला मुख्य तथ्य विवरणपत्र देणं बंधनकारक आहे. सगळे खर्च धरून वर्षाला किती टक्के पडतात ते त्यात लिहिलेलं असतं, आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवं. कानडी-इंग्रजी कागद पुढे केला तर मराठीतला मागा. मागायला लाजू नका, रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे.

कार्डावर पूर्ण बिल मुदतीत भरलं तर व्याज शून्य. पण बिलावर ‘किमान देय’ म्हणून जो छोटा आकडा असतो, तेवढाच भरलात की फसलात. महिन्याला साडेतीन टक्के दर धरला तर वर्षाला ४२ टक्के, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी. सावकार बरा म्हणायची पाळी येते. एटीएममधून कार्डावर रोकड तर काढूच नका, तिथे पहिल्या दिवसापासून मीटर पडतो.

चूक झाली तर? कार्डाचं बिल थकलं, तरी मुदतीनंतर तीन दिवस उलटल्याशिवाय बँकेने ते थकीत म्हणून कळवायचं नसतं. हप्त्याच्या बाबतीत पहिली ठेच तारखेची लागते. पगार दहा तारखेला आणि हप्ता पाचला कापला जाणार असेल, तर खात्यात पैसे नसताना मँडेट (हप्ता आपोआप कापायला तुम्ही दिलेली परवानगी) बाउन्स होतं. मग तुमची बँक दंड लावते, फायनान्सवाला वेगळा लावतो, आणि उशिराची नोंदही होऊ शकते. दुकानात रंग आणि जीबी निवडताना हप्त्याची तारीखही विचारा.

स्कोअरच्या दृष्टीने माझा कौल कार्डाला. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि तो दिसायला साधारण सहा महिन्यांची नोंद लागते. मोबाइलचा हप्ता आठ-दहा महिन्यांत संपतो आणि खातं बंद होतं. कार्ड चालू राहतं, जुनं होत जातं, आणि ते जुनेपण उपयोगी पडतं. फक्त लिमिटच्या तीस टक्क्यांपुढे सहसा जाऊ नका. १६,००० च्या कार्डावर ४,८०० झाले. दर महिन्याला रिचार्ज आणि पेट्रोल त्यावर केलंत आणि पूर्ण बिल ऑटो-डेबिटला लावलंत तरी पुरे.

मोबाइल तसाही घ्यायचाच असेल तर हप्ता वाईट नाही. स्कोअरसाठी म्हणून फ्रिज घेणं मात्र मला पटत नाही. सोनंतारण कर्जाचंही तेच: नोंद होते, पण गरज नसताना व्याज कशाला भरायचं? वडगाव-शहापुरात मागावर काम असेल आणि पैसा साडीच्या हिशेबाने येत असेल, तर ठरलेल्या तारखेचा हप्ता अंगाशी येतो. तिथे छोटं कार्ड आणि त्यावर फक्त रिचार्ज, एवढंच ठेवा.

काहीही निवडा, पण दोन गोष्टी सांभाळा. मित्राच्या बँकेच्या कर्जाला जामीन राहिलात तर ते कर्ज तुमच्याही रिपोर्टमध्ये दिसू शकतं, आणि आपल्याकडे ‘नुसती सही कर की रे’ हे वाक्य फार स्वस्त आहे. दुसरी गोष्ट कागदांची. एकावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी, आधारवर वडिलांचं नाव मधे, पॅनवर नाहीच, अशी खिचडी असेल तर अर्जाआधी निस्तरा, नाहीतर नोंदी जुळवताना घोळ होऊ शकतो. सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या नोंद ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला एकेक रिपोर्ट फुकट मिळतो. तीन-चार महिन्यांनी एक काढून खातं चढलंय का आणि नाव-पत्ता बरोबर आहे का ते बघा. चूक दिसली तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी.