देवनागरी जनता, नऊ महिने: घड्याळ चाललं, चावीनं छळलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या देवनागरी आकड्यांच्या एचएमटी जनता घड्याळाच्या काचेच्या आत धुकं धरलं आणि तिसऱ्या दिवशी काटे सव्वाचारवर थांबले. त्याच्या बरोबर पाच आठवडे आधी या घड्याळाचं 'फुल सर्व्हिसिंग' झालं होतं, साडेतीनशे रुपये मोजून. हा अनुभव लिहायचं कारण ते साडेतीनशे रुपये. घड्याळावर राग नाही, उलट आज ते रोजच्या वापरात आहे.

एचएमटी जनता काय चीज आहे हे इथं कुणाला सांगायला नको. हातानं चावी द्यायची, १७ ज्वेल (चाकांचे आस ज्यांत फिरतात ते खडे), ताशी १८,००० ठोके, केस साधारण ३५ मिमी, पट्टा १८ मिमी. फेब्रुवारीत घेतलं, किंमत ११००. घेतानाची अवस्था अशी: पट्टा अडकतो त्या चारही टोकांचं क्रोम उडून पितळ उघडं, काचेवर ओरखड्यांचं जाळं, पांढरी डायल पिकून सायीच्या रंगाची, आणि ४ व ५ या आकड्यांच्या मध्ये चहाचा थेंब सुकावा तसा तपकिरी डाग. चावी (बाजूची फिरवायची कळ) मूळची नव्हती. तिकडे तेव्हा नीट पाहिलं नाही, तीच चूक.

देवनागरी आकड्यांचं आकर्षण आपल्या बेळगाव भागात जरा जास्तच आहे, मान्य करू. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, एचएमटी म्हटलं की आधी लेथ आठवतं, घड्याळ मागाहून. ते बरोबरच आहे, कंपनी १९५३ ची आणि मशीन टूल्सचीच. घड्याळं १९६१ पासून, जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं, बेंगळुरूत. म्हणजे कर्नाटकात जुळवलेलं, जपानी घडणीचं मशीन, वर देवनागरी आकडे, आणि बेळगावात ते आपलं म्हणून मनगटावर. यावर भांडायला कुणी उठत नाही हेच नवल.

पण याच आकर्षणामुळे देवनागरी जनतामध्ये रंगवलेल्या डायली बेसुमार आहेत. कारखान्याच्या देवनागरी डायली होत्या, यात शंका नाही. पण बाजारात फिरणाऱ्या बऱ्याच नंतर कुणीतरी छापलेल्या. ओळखायला दहापट भिंग पुरतं. मूळ छपाईत अक्षराची कड सुरीनं कापल्यासारखी दिसते, नव्या छपाईत ती फुगते किंवा पसरते. मिनिटांच्या रेघा १२ च्या खुणेशी सरळ रेषेत येतात का पाहा. रंगवलेल्यात सगळी माळ अर्ध्या रेघेनं सरकलेली असते. मधल्या भोकाच्या काठावर रंगाचा थर साचलाय का ते बघा. सेकंद काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचायला हवा. आखूड पडला तर तो दुसऱ्या घड्याळाचा. आणि मशीन बाहेर काढलंच तर डायलच्या मागचे दोन पाय शाबूत आहेत का बघा. ते तोडून डायल गमानं चिकटवलेली असेल तर पुढं कधीतरी ती सरकून काट्यांना घासणार. पोपटी, गुलाबी, दोन रंगांची 'जनता' दिसली तर भिंगाची तसदीही नको.

या कसोट्यांवर ही डायल मूळ निघाली, डागासकट. डाग पाहून विकणाऱ्यानं 'पाचशेत नवी करून देतो' असं सुचवलं होतं. फेब्रुवारीत ते पटलंही होतं. आता सांगतो, करू नका. डाग म्हणजे वार्निशच्या थरात दमट हवा शिरल्याची खूण. तो पुसायला गेलात तर छपाईसकट उठतो. ब्रशसुद्धा लावू नये, फक्त हवेच्या फुग्यानं धूळ उडवायची.

काच मात्र घरी सुधारते. ॲक्रिलिक आहे, म्हणून तर सुधारते. केसच्या कडेला दोन पदर टेप लावायची, १५०० चा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून एकाच दिशेनं, मग २००० चा आडव्या दिशेनं, पहिल्याच्या रेघा मिटेपर्यंत. काच या टप्प्यावर दुधाळ होते, घाबरायचं नाही. मग ब्रासोचा थेंब सुती कापडावर घेऊन सात-आठ मिनिटं गोल चोळायचं. नखाला लागणारा ओरखडा जात नाही, बाकी सगळं जातं. खर्च पन्नासच्या आत. नवी काच बसवताना दाबून डायलवर टेकली तर काटे अडकतात, त्यापेक्षा हे बरं.

आता सर्व्हिसिंग. दुकानाचं नाव घेत नाही, बाजारात असं काम करणारी एकापेक्षा जास्त आहेत. पद्धत ही: मशीन न खोलता तसंच पेट्रोलमध्ये बुडवायचं, फुंकर मारायची, प्रत्येक ज्वेलवर तेलाचा थेंब, झाकण बंद. दोन दिवस घड्याळ मस्त पळतं. पेट्रोलनं जुनं तेल पातळ होतं, जात नाही. घाण पिव्हटभोवती (चाकाच्या आसाचं टोक, ज्वेलमध्ये फिरतं ते) तशीच राहते आणि नव्या तेलात कालवली जाऊन लुगदी होते. शिवाय पॅलेटच्या (एस्केप व्हीलला दातागणिक अडवून सोडणाऱ्या छोट्या लिव्हरच्या) पिव्हटला तेल घालायचंच नसतं. तिथं घातलं की घसरण कमी व्हायच्या ऐवजी ओढ वाढते. हेअर स्प्रिंगला (बॅलन्स या झोके घेणाऱ्या चाकाच्या बारीक स्प्रिंगला) तेल लागलं तर तिचे वेटोळे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला काही मिनिटं पुढं धावतं.

फोनवरच्या टाइमग्राफर (ठोके ऐकून घड्याळ तपासणाऱ्या) ॲपनं हे कळतं, साधा इअरफोनचा माइक झाकणावर टेकवून. लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) नीट भरला नाही तर ॲम्प्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स किती अंश झोका घेतो त्याचा, आकडा खोटा येतो, पण आधी आणि नंतर यांची तुलना तरी होते. पूर्ण चावीवर, डायल वर ठेवून: सर्व्हिसिंगआधी १७०, झाल्यावर २१५, तीन आठवड्यांनी पुन्हा १८०. २०० च्या खाली गेलं की घड्याळ चालतं, पण कशावर चालतं ते देव जाणे. तक्रार केल्यावर उत्तर मिळालं, 'जुनं घड्याळ आहे की, एवढंच चालणार.' हे उत्तर ऐकून घेऊ नका. जुन्या मशीनला नीट खोलून धुतलं तर ते २५० च्या वर जातंच, पिव्हट झिजलेले नसतील तर.

ऑगस्टमध्ये दुसऱ्याकडे नीट काम झालं, नऊशे रुपये. मशीन पूर्ण खोलून, बॅलन्स आणि पॅलेट वेगळे धुऊन. (पॅलेटचे खडे लाखेनं बसवलेले असतात, स्पिरिटमध्ये टाकले तर लाख विरघळते.) मेन स्प्रिंग बाहेर काढून ग्रीस, बॅरलला (मेन स्प्रिंगच्या डबीला) जाड तेल, बॅलन्स आणि एस्केप व्हीलला मोबियस कंपनीचं पातळ ९०१०, पॅलेटच्या खड्यांना ९४१५. पॅराशॉकची (बॅलन्सला धक्क्यापासून वाचवणाऱ्या रचनेची) स्प्रिंग उडवली नाही, हे वेगळं कौतुक. ती उडाली की फरशीवर सापडत नाही. निकाल: डायल वरच्या बाजूला असताना २६५, चावी खाली असताना २३५, दिवसाला १२ सेकंद पुढं, बीट एरर (टिक आणि टॉकमधला फरक) ०.६ मिलिसेकंद. या किमतीच्या घड्याळाकडून आणखी काय हवं?

पण धुकं? ते सर्व्हिसिंगमुळे नव्हतंच. इथपर्यंत सगळा दोष पहिल्या दुकानाच्या माथी मारला होता, त्यातला हा हिस्सा मागे घेतो. पाणी आलं चावीतून.

हे घड्याळ वॉटरप्रूफ कधीच नव्हतं. केसच्या नळीवर चावी बसते, चावीच्या आत रबराची रिंग असते आणि ती नळीला घट्ट धरते. धूळ आणि दमट हवा अडवायची एवढंच तिचं काम. माझ्या घड्याळाची नळी बाहेरून २.० मिमी, आणि कुणीतरी बसवलेली चावी २.५ मिमी नळीसाठीची. रबर नळीला टेकतच नव्हतं. त्यात दांडी (चावी मशीनला जोडणारी सळई) लांब कापलेली, त्यामुळे चावी पूर्ण आत दाबली तरी केसपासून वर उभी. अंगठ्याचं नख त्या फटीत सहज जात होतं. पाच महिने ते नख रोज सकाळी चावी देताना तिथंच अडकत होतं आणि एकदाही डोक्यात प्रकाश पडला नाही! जून ते सप्टेंबर खानापूर-जांबोटीकडे दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, तिथं ही फट म्हणजे उघडी खिडकी. कोरड्या अथणीकडे हेच घड्याळ कदाचित वर्षानुवर्षं कोरडं राहिलं असतं, आत धूळ गेली असती ती वेगळी.

आत गेलेल्या पाण्यानं दांडीला गंज धरला होता. गंजाची भुकटी चावीच्या खालच्या लिव्हरमध्ये पडते आणि तिथून चाकांत जाते. म्हणून चावीचा प्रश्न मशीनचा प्रश्न होतो. दुरुस्ती अशी: झाकण काढून सेटिंग लिव्हरचा (दांडी धरून ठेवणाऱ्या लिव्हरचा) स्क्रू एक-दीड फेराच ढिला करायचा आणि दांडी ओढायची. जास्त फिरवला तर लिव्हर डायलखाली सुटून पडतो, मग काटे आणि डायल काढल्याशिवाय तो परत बसत नाही. नव्या दांडीवर २.० मिमीची चावी चढवून फट व्हर्नियरनं मोजायची, मोजलेल्याहून थोडं कमी कापायचं, मग कानस लावून लावून टेकेपर्यंत आणायचं. एकदम जास्त कापलं की दुसरी दांडी. रबराला सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. चावी आणि दांडी मिळून १२०. एवढ्याशा कामासाठी अख्खा पावसाळा वाया गेला, याची चीड अजून आहे.

धुकं धरलं तर चावी वेळ लावायच्या जागी ओढून ठेवा, जमत असेल तर मागचं झाकण काढा, आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट डब्यात रात्रभर. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. हेअर ड्रायरनं डायलचं वार्निश उचलतं.

सप्टेंबरात पुन्हा एक गोंधळ: दिवसाला सात मिनिटं पुढं. दुसऱ्या कारागिरावर संशय गेला, तोही फुकट. फोनचं होकायंत्र जवळ नेलं तर सुई थरथरली, म्हणजे घड्याळाला चुंबकत्व लागलेलं. सरफेस ग्राइंडरच्या मॅग्नेटिक चकजवळ (लोखंड धरून ठेवणाऱ्या चुंबकी टेबलाजवळ) घड्याळ घालून गेल्याचा प्रताप. उद्यमबागेत काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: त्या टेबलावर हात टेकायच्या आधी घड्याळ खिशात नको, लांबच्या कपाटात हवं. डिमॅग्नेटायझर (चुंबकत्व घालवणारं यंत्र) चारशेला मिळाला; बटण दाबून घड्याळ त्यावर धरायचं, बटण न सोडता हळूहळू हातभर लांब न्यायचं, मग सोडायचं. जवळ असतानाच बटण सोडलं तर होतं त्यापेक्षा वाईट होतं. एका खेपेत पुन्हा १५ सेकंदांवर.

एकूण हिशेब: घड्याळ ११००, वाया गेलेलं सर्व्हिसिंग ३५०, खरं सर्व्हिसिंग ९००, चावी-दांडी १२०, पट्टा १५०, डिमॅग्नेटायझर ४००. झाले ३०२०. एवढ्यात नवं क्वार्ट्झ आलं असतं आणि ते महिन्याला काही सेकंदांपलीकडे चुकलं नसतं. मग हे का?

तुलनेला घरात याच मशीनचं, रंगवलेल्या हिरव्या डायलचं दुसरं एक आहे, चकचकीत. ते घातलं की लक्ष सतत घड्याळाकडे: बसच्या दांड्याला लागेल का, घाम जाईल का. या डागवाल्याचं तसं काही नाही. आधीच चार ठिकाणी पितळ उघडं आहे, पाचवं पडलं तर पडलं. सकाळी चहाच्या आधी चावी, पंचवीस-तीस वेळा, हाताला अडली की थांबायचं. जास्त चावी दिल्यानं घड्याळ बंद पडतं ही समजूत आहे. बंद पडतं ते वाळलेल्या ग्रीसनं. रात्री स्टुलावर ठेवलं की सेकंदाला पाच ठोके स्पष्ट ऐकू येतात. मिनिट काटा बातम्यांशी जुळवायचा नाद सुटला, पंधरा सेकंदांनी कुणाची गाडी चुकत नाही. एप्रिलमध्ये विचारलं असतं तर पाचपैकी दोन दिले असते, आता चार. एक गुण चावीचा कापला.

घ्यायला जाणाऱ्यांसाठी: भिंग, फोनमध्ये टाइमग्राफर आणि होकायंत्र, आणि अंगठ्याला थोडं वाढलेलं नख. डाग, ओरखडे, उडालेलं क्रोम यांवरून भाव पाडा आणि खुशाल घ्या. दांडीवर गंज दिसला किंवा चावीखाली नख गेलं तर तीनशे आणखी कमी करून मागा. १९६० च्या आधीचं जुनं स्विस घड्याळ असेल आणि काट्यांवर पिवळट रेडियम असेल तर ते उघडून खरवडायच्या भानगडीत पडू नका, ती भुकटी नाकात जायला नको.

४ आणि ५ च्या मधल्या डागाचा मेमध्ये एक फोटो काढला होता, ऑक्टोबर अखेरीस दुसरा. डाग ५ च्या बाजूला केसभर सरकलाय. जुलैत, बहुधा. चावी बदलल्यानंतरचा पहिला पाऊस पुढच्या जूनमध्ये येईल, तिसरा फोटो तेव्हा.