टेलिमार्कसाठी स्की निवडताना: ९० मिलिमीटरची एक जोडी

नॉर्वेच्या टेलिमार्क प्रांतातील मॉर्गेदाल गावच्या सोन्द्रे नोरहाइम (१८२५–१८९७) यांच्या नावाशी जोडलेल्या टेलिमार्क या स्कीइंगच्या शैलीत टाच मोकळी राहते आणि वळताना मागचा गुडघा खाली झुकतो; त्यामुळे साध्या उतारावरच्या स्कीचे निकष येथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मी एक हंगाम वापरलेली जोडी मध्यभागी ९० मिलिमीटर रुंद, हलक्या लाकडी गाभ्याची आणि मध्यम लवचिक आहे.

ही लवचिकताच मला तिचा सर्वांत मोठा गुण वाटते. वळणात मागच्या स्कीवर फक्त चवड्याचा भार येतो, आणि स्की फार ताठ असेल तर ती वाकत नाही, घसरत राहते. या जोडीत मात्र माझ्यासारख्या मध्यम वजनाच्या माणसालाही मागच्या स्कीची कड बर्फात रुतवता येते. भुसभुशीत बर्फात ती सुखद आहे. कडक, गोठलेल्या उतारावर वेग वाढला की पुढची टोके थरथरतात, हा दोष मान्य करावा लागेल.

खरेदीपूर्वी बाइंडिंगच्या (बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीच्या) जागी स्कीला पुरेशी मजबुती आहे का, हे अवश्य विचारावे, कारण टाच उचलताना स्क्रूंवर वर खेचणारा मोठा ताण येतो. बूट जुन्या ७५ मिलिमीटर पद्धतीचे (पुढे तेवढे रुंद, चपटे टोक असलेले) आहेत की २००७ मध्ये आलेल्या एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म) पद्धतीचे, हे आधी ठरवावे. दोन्हींची बाइंडिंगे वेगळी असतात. स्कीची लांबी माझ्या उंचीइतकी असणे मला पुरले.