कारंजा लाडजवळच्या लेआऊटवाल्यांची प्लॉट सर्व्हिस: 5 पैकी 2 स्टार

साइट दाखवायला गाडी पाठवतात, पोरं बोलायला चांगली आहेत, पण भाव विचारला की समृद्धी महामार्गाचं नाव पुढे. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, इंटरचेंज जवळच, अन् बाहेरचे लोक पैसा गुंतवायला प्लॉट घेऊन ठेवू लागले, बांधत कोणीच नाही, नुसते सिमेंटचे खांब, तार अन् आत तरोटा, मग ज्याले खरंच घर बांधायचं त्या मास्तर-कंपाउंडरनं कुठं जायचं बापा? त्यात लोहा, सिमेंट, गवंड्याची मजुरी सगळंच चढलं.

एनए म्हणजे बिगरशेतीची ऑर्डर मागितली तर "होऊन जाते", महारेरा नंबरचं, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडच्या नोंदणीचं, तर नावच काढत नाहीत, एवढ्या मोठ्या लेआऊटला नोंदणी लागतेच. सातबारा स्वतः ऑनलाइन काढा, तोवर इसार देऊ नका.