लायब्ररीतलं पालकांचं वर्कशॉप, फुकट असूनही कामाचं

आम्ही दहावी-बारावीच्या टक्क्यांवर वाढलेले, त्यामुळे न्यू जर्सीत हायस्कूल संपवायला १२० क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर मिळणारे गुणांक) लागतात हेच मुलगी अकरावीत गेल्यावर कळलं. आधी एका प्रायव्हेट कन्सल्टंटला बक्कळ पैसे मोजले, त्याने नुसत्या कॉलेजांच्या याद्या पाठवल्या. मग टाऊनच्या लायब्ररीतल्या, हायस्कूल आणि कॉलेज प्रवेशाबद्दलच्या या वर्कशॉपला गेलो, तर तिथल्या रिटायर्ड काउन्सेलर बाईंनी ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या मार्कांच्या नोंदीवर, पेन्सिलीने गोल करून दाखवलं, हे बघा, एका वर्षाचे जिमचे क्रेडिट राहिलेत! वर कॉमन अ‍ॅपचा (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच प्रवेश अर्जाचा) ६५० शब्दांचा निबंध बाबांनी लिहायचा नाही हेही नेमकं माझ्याकडे बघून, ओशाळलोच जरा. फक्त फाफ्साचा, म्हणजे कॉलेजसाठी सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाचा, भाग घाईत उरकला, मुलं एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर) असतील तर ते पैसे मिळत नाहीत हे शेवटच्या ५ मिनिटांत सांगितलं. खुर्च्या कमी आहेत, लवकर जा.