पहिली वाळवंटी मॅरेथॉन: कच्छचं रण की जैसलमेरची वाळू?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रस्त्यावर धावणारे आता पुष्कळ झालेत. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली फेऱ्या मारून तयार झालेले, रस्त्यावरच्या दोन-तीन मॅरेथॉन पुऱ्या केलेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना आता गर्दी आणि ध्वनिक्षेपक नको असतात. शंभराच्या आसपास माणसांची साधी शर्यत हवी असते, तीही वाळवंटात. देशातल्या देशात त्यासाठी खरे पर्याय दोन: कच्छचं रण आणि जैसलमेरकडचं थर. फोटोत दोन्ही सुंदर दिसतात आणि निवड बहुतेक वेळा फोटोवरूनच होते. ती पायाखालच्या जमिनीवरून आणि पाण्याच्या दोन ठाण्यांमधल्या अंतरावरून व्हायला हवी. अंतर दोन्हीकडे ४२.१९५ किलोमीटरच, पण काम वेगळं.

जमीन

रण म्हणजे वाळू नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. पावसाळ्यात तिथे पाणी भरतं, नोव्हेंबरपासून ते आटत जातं आणि वर मिठाचा पापुद्रा उरतो. पापुद्रा वाळून घट्ट झाला असेल तर धावायला जवळजवळ रस्त्यासारखा, चढ-उतार नाहीच. मात्र तो सगळीकडे सारखा जाड नसतो. पातळ जागी पाय पडला की कुरकुर आवाज येतो, खपली फुटते आणि पाय घोट्यापर्यंत काळ्या चिखलात जातो. बाहेर काढताना फुटलेल्या खपलीची धार नडगीला घासते आणि ओरखड्यात खारं पाणी शिरतं. ओला मोजा वाळला की त्यात मिठाचे खडे तयार होतात. पुढचे दहा किलोमीटर ते खडे कातडी खरवडतात. रणात पाय खराब होतात ते बहुतेक असेच. म्हणून मोज्यांची दुसरी जोडी प्लास्टिकच्या पिशवीत घालून पाठीवर ठेवा आणि पाय धुण्यासाठी पाव लिटर गोडं पाणी वेगळं धरा.

पाऊस लांबला असेल त्या वर्षी हे मीठ जानेवारीतही ओलं सापडतं. त्यामुळे रणातली शर्यत डिसेंबरच्या सुरुवातीची असेल तर जरा थांबा. जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा हा काळ आम्हाला जास्त भरवशाचा वाटतो. धोळावीरा ज्यावर आहे त्या खडीर बेटाच्या बाजूला मार्ग असेल तर मीठ, खडक आणि झुडपी माळ असं मिश्रण मिळतं. पहिल्यांदा जाणाऱ्याला ते बरं, कारण नुसत्या पांढऱ्या सपाटीवर चार-पाच तास काढणं वाटतं त्यापेक्षा अवघड असतं. कुठेच काही बदलत नाही, पुढचा झेंडा अर्ध्या तासापूर्वी होता तेवढाच लांब दिसतो आणि अकरानंतर मृगजळात तो हवेत तरंगू लागतो. नजरेवर विसंबू नका, घड्याळातल्या अंतरावर धावा.

थरचं उलटं. तिथे डोळ्यांना काम भरपूर, पण पोटऱ्या पिळून निघतात. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं होतं की मऊ वाळूत धावायला घट्ट जमिनीच्या सुमारे १.६ पट ऊर्जा लागते आणि चालायला तर दुपटीहून जास्त. पाय ढकलतो तेव्हा वाळू मागे सरकते आणि ढकलण्यातलं बरंचसं बळ तिलाच जातं. रस्त्यावर साडेचार तास लागत असतील तर वाळूचा भाग जास्त असलेल्या मार्गावर साडेसहा-सात तास धरून चला.

पण ‘थर’ म्हटलं की सगळी टेकाडंच, असं नाही. जैसलमेरजवळच्या सम किंवा खुरी या गावांच्या आसपासही धोऱ्यांचे, म्हणजे वाळूच्या टेकाडांचे, पट्टे मर्यादित आहेत. मधे खडीचा माळ, जीपच्या चाकोऱ्या आणि झुडपं आहेत. म्हणून संयोजकाला पहिला प्रश्न हाच: ४२ पैकी मऊ वाळू किती किलोमीटर? दहाच्या आत असेल तर रस्त्यावरचा चांगला धावपटू नीट तयारीने निभावून नेतो. वीसच्या वर असेल तर ती पहिली शर्यत म्हणून घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धोरा चढताना वारा ज्या बाजूने चढतो ती बाजू धरा. तिथला उतार सौम्य आणि वाळू दाबलेली असते. आडोशाची बाजू तीसेक अंशांची आणि सैल. तिच्यावर चढायला गेलात तर दोन पावलं पुढे आणि एक मागे. उतरायला मात्र तीच छान, टाच रोवून सरळ खाली. सकाळी दवाने वाळू जरा घट्ट असते, दहानंतर ती सैल पडते. म्हणून मऊ पट्टा पहिल्या निम्म्यात आहे की शेवटी, यावरही बराच फरक पडतो.

हवा आणि ऊन

जानेवारीत जैसलमेरला पहाटे पारा सात-आठ अंशांवर असतो आणि दुपारी तेवीस-चोवीसपर्यंत जातो. भूजकडे दोन्ही आकडे दोन-तीन अंशांनी वर. आपल्याकडच्या हिवाळ्याला सरावलेल्या माणसाला आकडे सोपे वाटतात, तिथेच फसगत होते. देशाच्या या पश्चिम टोकाला सूर्य उशिरा, साडेसातच्या सुमारास उगवतो आणि सुरुवातीच्या रेषेवर उभं असताना वारा हाडांत शिरतो. टाकून देता येईल असा जुना शर्ट वर घाला.

रणात मीठ खालून ऊन परतवतं. हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्यांच्या कडा आणि गुडघ्यांची मागची बाजू हमखास भाजते, कारण तिथे सनस्क्रीन लावायचं कुणाला सुचत नाही. टोपीचा रणात अर्धाच उपयोग. बाजूंनी झाकणारा गडद गॉगल मात्र हवाच. थरमध्ये गॉगल वाळूसाठी लागतो आणि तोंडावर बांधायला पातळ सुती उपरणं पुरतं.

पाणी

मोठ्या शहरी शर्यतीत दर दोन-अडीच किलोमीटरवर पाणी मिळतं. छोट्या शर्यतीत ठाणी सात-आठ किलोमीटरवर असतात. रणात आठ किलोमीटरला पाऊण ते एक तास लागेल, वाळूत दीड तास. हिवाळ्यात ताशी सहाशे मिली धरलं तर थरमध्ये दोन ठाण्यांमध्ये नऊशे मिली लागतात. वर अर्धा लिटर राखीव. म्हणजे थरला दीड लिटरची पिशवी पाठीवर, रणात एक लिटर पुरे.

स्वतःचा घाम मोजायची साधी पद्धत: कपडे काढून वजन करा, एक तास शर्यतीच्या वेगाने धावा, घाम पुसून पुन्हा वजन करा. जितके ग्रॅम घटले आणि मधे जितके मिली प्यालात त्यांची बेरीज म्हणजे तासाचा घाम. ओआरएसची मोठी पुडी एका लिटरसाठी असते. ती अर्ध्या लिटरमध्ये घातली तर पोट बिघडतं. भीतीपोटी नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं ही त्याची लक्षणं, आणि ती पाणी कमी पडल्यासारखीच वाटतात. अशा वेळी आणखी पाणी पिणं धोक्याचं. थांबून ठाण्यावरच्या डॉक्टरांना सांगा.

बूट

रणासाठी नेहमीचा ट्रेल बूट, म्हणजे कच्च्या वाटांवर धावायचा बूट, चालतो, फक्त अर्धा नंबर मोठा घ्या. थरसाठी गेटर, म्हणजे वाळू आत जाऊ नये म्हणून बुटावर चढवायचं कापडी आवरण, लागतोच. घोट्यापुरता आखूड गेटर झुडपी माळावर भरूट गवताचे काटे अडवायला ठीक, पण बारीक वाळू त्याच्या खालून आणि बुटाच्या जाळीतून शिरते. बूट पूर्ण झाकणारा गेटर घ्या आणि त्यासाठी बुटाला वेल्क्रो शिवून घ्या.

इथे आपल्या भागाचा फायदा आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी चपलेच्या टापूत बेळगाव जिल्हाही येतो. अथणी-निपाणीकडचे चामड्याचे कारागीर हे काम उत्तम करतात, फक्त काय हवं ते नीट सांगावं लागतं. दोन सेंटीमीटर रुंद पट्टी, एका बुटाला साधारण सत्तर सेंटीमीटर. काट्यांची पट्टी बुटाला, मऊ पट्टी गेटरला. वरचा भाग तळव्याला मिळतो त्या रेषेच्या लगेच वर, सगळीकडून सलग. टाचेमागे जोड आला तर तिथूनच वाळू शिरते. टाका फक्त वरच्या थरातून घ्यायचा. आतलं अस्तर धरलं तर गाठी आत येतात आणि तिसाव्या किलोमीटरला करंगळीवर फोड येतो. नुसतं चिकटवून भागत नाही, उन्हाने गोंद सुटतो. शिवून झाल्यावर आतून बोट फिरवून पाहा, काहीही टोचता कामा नये. आणि हे काम शर्यतीच्या आधी दीड महिना करा, म्हणजे दोन-तीन लांब धावा त्याच बुटात होतात.

वेडी बाभूळ, म्हणजे आपल्याकडे पूर्वेला ज्याला बेल्लारी जाली म्हणतात, ती कच्छमध्ये माजलेली आहे. तिचा काटा पातळ तळवा सरळ भेदतो. मुक्काम तंबूत असेल तर दोन्हीकडे सकाळी बूट उपडे करून झटका. फुरसं आणि विंचू दोन्ही प्रदेशांत आहेत.

खाण्याचं थोडक्यात: गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुकामेव्याची वडी, उत्तम शिदोरी आहे, पण तो ठाण्यावर थांबून, पाण्यासोबत खा. धावता धावता तो चावत बसायला लागतं आणि तोंड कोरडं पडतं. बेळगावचा कुंदा दुधाचा, तो मुक्कामावर पोहोचेपर्यंत संपवा. खारट म्हणून भाजलेले शेंगदाणे चांगले.

पोहोचणं आणि परवाने

बेंगळुरू–गांधीधाम आणि बेंगळुरू–जोधपूर या दोन्ही गाड्या हुबळी-बेळगाव-मिरज-पुणे मार्गे जातात. गांधीधामहून भूज साठेक किलोमीटर. जोधपूरहून जैसलमेर मात्र आणखी तीनशेच्या घरात. म्हणजे थरला जाता-येता एकेक दिवस जास्त. उलट मदतीच्या बाबतीत थर बरं: समहून जैसलमेर शहर चाळीसेक किलोमीटर, तर धोळावीरा ते भूज शंभराहून अधिक. पायाला लागलं तर हा फरक मोठा आहे.

दोन्ही जागा सीमेजवळ. पांढऱ्या रणासाठी परवाना लागतो, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. थरचा मार्ग डेझर्ट नॅशनल पार्कमधून जात असेल तर वनखात्याची परवानगी हवी. ते माळढोकाचं घर आहे, तेव्हा संयोजकाने ती घेतली आहे का हे विचाराच. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवानगीशिवाय नेऊ नका, गुन्हा होतो. त्याऐवजी मार्गाची जीपीएक्स फाइल, म्हणजे जीपीएसवर वाट दाखवणारी नोंद, घड्याळात आणि मोबाइलमध्ये दोन्हीकडे भरा.

संयोजकाकडे चार गोष्टींची लेखी उत्तरं मागा: पाण्याची ठाणी नेमकी किती किलोमीटरला, वेळेची मर्यादा किती, सगळ्यांच्या मागून कोण येतं, आणि जखमीला न्यायला चारचाकी कुठे उभी असते. नावनोंदणी कमी झाल्यावर छोटे संयोजक सर्वांत आधी ठाणी कमी करतात. त्यामुळे उत्तर गोलगोल आलं तर पैसे भरू नका.

पैसे भरण्याआधी

दोन रविवार स्वतःला तपासा. पहिल्या रविवारी कारवार किंवा वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर जा. भरतीच्या रेषेच्या वरच्या, कोरड्या वाळूत दोन तास धावा. पाण्याकाठची ओली वाळू यात धरायची नाही. दुसऱ्या रविवारी सौंदत्ती किंवा अथणीकडे, पीक काढलेल्या काळ्या रानात मालकाला विचारून, सकाळी दहा ते दुपारी एक. भेगाळलेल्या, ढेकळांच्या त्या जमिनीवर पाऊल कधी टिकतं, कधी खचतं. रणाच्या फुटक्या खपलीशी आपल्या भागात सगळ्यांत जवळची जमीन तीच, आणि सावलीही तेवढीच कमी.

किनाऱ्यावर दुसऱ्या तासाचा वेग पहिल्या तासापेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त घसरला, किंवा दुसऱ्या दिवशी जिना उतरताना पोटऱ्या आणि टाचेमागची शीर धरली, तर यंदा रण घ्या. थरसाठी बारा आठवडे, आठवड्यातून एकदा वाळू किंवा राजहंसगडाचा चढ, असा सराव लागेल. काळ्या रानात पाय टिकले पण सपाट, एकसुरी उन्हात अकरानंतर मन उठलं आणि चालायला लागलात, तर थरचा कमी वाळूचा मार्ग निवडा. दोन्हीकडे ठीक गेलं तर गांधीधामची गाडी पकडा: प्रवास कमी, चढ नाही, आणि पहिल्या वेळेला चुकलेली गोष्ट तिथे बहुतेक मोजे बदलून निस्तरता येते.