व्हीपीएन, प्रॉक्सी की टॉर? डाउनलोड आणि स्ट्रीमिंगसाठी कोणता पर्याय घ्यावा

व्हीपीएन, प्रॉक्सी आणि टॉर हे तिन्ही आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवर आपली जोडणी ओळखण्याचा क्रमांक, झाकतात, त्यामुळे ते एकाच कामाचे आहेत असे अनेकांना वाटते. निवड करण्यापूर्वी आपल्याला कोणापासून लपायचे आहे हे ठरवावे लागते: इंटरनेट पुरवठादारापासून, समोरच्या संकेतस्थळापासून, की टॉरेंटवर (अनेकांच्या संगणकांवरून फाइलचे तुकडे जमवण्याच्या पद्धतीत) आपल्याशी जोडल्या जाणाऱ्या अनोळखी संगणकांपासून.

टॉरेंटमध्ये हा शेवटचा धोका सर्वांत मोठा असतो. त्यामागच्या बिटटॉरेंट या तंत्राची रचनाच अशी आहे की फाइलचे तुकडे देणाऱ्या-घेणाऱ्यांना एकमेकांचे पत्ते कळावेच लागतात. कोणत्याही टॉरेंट प्रोग्रॅममधील ‘पीअर्स’ हा टॅब उघडून पाहा. अनोळखी लोकांचे आयपी पत्ते, त्यांचा प्रोग्रॅम आणि कोणाची फाइल किती टक्के झाली, हे सारे ओळीने दिसते. त्याच वेळी तुमची ओळही त्यांच्या पडद्यावर दिसत असते.

येथे प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने जोडणी करणारा मधला सर्व्हर, सर्वांत दुबळी ठरते. 1996 मध्ये प्रमाणित झालेली सॉक्स5 प्रॉक्सी समोरच्याला वेगळा पत्ता दाखवते, परंतु वाहतूक स्वतःहून कूटबद्ध (इतरांना वाचता येणार नाही अशी) करत नाही. म्हणजे पुरवठादाराच्या दृष्टीने फारसे काही बदलत नाही. टॉर या जाळ्यात वाहतूक सहसा तीन थांब्यांवरून फिरत जाते, आणि वाचन-शोधासाठी अनामिकतेचे इतके भक्कम साधन दुसरे क्वचितच आहे. टॉरेंटसाठी मात्र ते घेऊ नये. टॉर केवळ टीसीपी या प्रकारची वाहतूक वाहून नेतो, तर टॉरेंट प्रोग्रॅम यूडीपी हा दुसरा प्रकारही वापरतात. ती यूडीपी वाहतूक टॉरला वगळून थेट बाहेर पडू शकते. शिवाय काही प्रोग्रॅम ट्रॅकरला (फाइल कोणाकडे आहे ते सांगणाऱ्या सर्व्हरला) पाठवलेल्या संदेशातच खरा पत्ता लिहितात, हे टॉर प्रकल्पाने 2010 मध्येच स्पष्ट केले होते. स्वयंसेवकांनी चालवलेल्या जाळ्यावर अवजड फाइलींचा भार टाकणे मलातरी प्रशस्त वाटत नाही.

उरतो व्हीपीएन. तुमच्या उपकरणापासून व्हीपीएनच्या सर्व्हरपर्यंतची सर्व वाहतूक कूटबद्ध होते, त्यामुळे पुरवठादाराला फक्त कोणत्या व्हीपीएन सर्व्हरशी जोडणी केव्हा झाली आणि किती डेटा गेला एवढेच कळते. मात्र जे पूर्वी पुरवठादाराला दिसत होते ते आता व्हीपीएन कंपनीला दिसू शकते. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ या वाक्यामागे त्रयस्थांकडून झालेली तपासणी आहे का, हे पाहावे. फुकट सेवेचा खर्च कोण भागवतो, हेही विचारावे.

जोडणी तुटण्याचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. लिनक्सची एक मोठी फाइल टॉरेंटने घेत असताना मी चाचणीसाठी व्हीपीएन मुद्दाम बंद केला, तेव्हा डाउनलोड क्षणभर अडखळले आणि खऱ्या पत्त्यावरून बिनबोभाट पुढे सुरू झाले. नंतर क्यूबिटटॉरेंट या टॉरेंट प्रोग्रॅमच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘नेटवर्क इंटरफेस’ (वाहतुकीचा मार्ग) म्हणून केवळ व्हीपीएनचा इंटरफेस निवडला आणि चाचणी पुन्हा केली. या वेळी वेग शून्यावर येऊन थांबला. किल स्विच (व्हीपीएन तुटताच इंटरनेट थांबवणारी सोय) असला तरी ही निवड मी करतोच.

स्ट्रीमिंगचे गणित वेगळे आहे. सशुल्क सेवेला तुमचे खाते, कार्ड आणि पाहिलेल्या प्रत्येक भागाची नोंद ठाऊक असते. तिच्यापासून व्हीपीएन काही लपवत नाही. पुरवठादाराला सेवेचे नाव सहसा कळते, पण एचटीटीपीएस या कूटबद्ध जोडणीमुळे कोणता चित्रपट लावला ते थेट दिसत नाही. अनेक सेवा व्हीपीएनचे पत्ते अडवतातही. त्यामुळे फक्त अधिकृत स्ट्रीमिंग करणाऱ्याने खासगीपणासाठी व्हीपीएनवर पैसे घालवावेत असे मला वाटत नाही.

कॉपीराइटचा भंग व्हीपीएनमुळे कायदेशीर होत नाही, आणि घातक फाइल ओळखणे हे या तिघांपैकी कोणाचेच मूळ काम नाही. विंडोज परिचित फाइलप्रकारांची शेपटी, म्हणजे विस्तार, मुळातच लपवते, त्यामुळे ‘चित्रपट.एमपी4.ईएक्सई’ ही प्रत्यक्षात प्रोग्रॅम असलेली फाइल पडद्यावर ‘चित्रपट.एमपी4’ अशी सभ्य दिसते. फाइल एक्सप्लोररमध्ये विस्तार दाखवण्याचा पर्याय सुरू केला की ती शेपटी उघडी पडते.