मॉइसनाइटची अंगठी, आईच्या हिऱ्याशेजारी ठेवून बघितली

मॉइसनाइट म्हणजे हिऱ्यासारखा दिसणारा सिलिकॉन कार्बाइडचा खडा. साडेसहा मिलीमीटरचा, चांदीत बसवलेला, ऑनलाइन मागवला. विकणाऱ्याने लिहिलं होतं "अगदी हिऱ्यासारखी चमक". हे खोटं आहे, म्हणजे चमक कमी नाहीये, उलट जास्तच आहे आणि सगळी गोची तिथेच आहे.

आईची जुनी हिऱ्याची अंगठी शेजारी ठेवून गॅलरीत सकाळच्या उन्हात बघितलं. हिरा पांढरा लख्ख चमकतो, मधूनच एखादी निळी-केशरी झाक. मॉइसनाइट मात्र हात जरा हलला की लाल हिरवं जांभळं सगळं एकदम, भिंतीवर ठिपके नाचायला लागले तर लेक म्हणाली आई डिस्को! कारण असं की प्रकाशाचे रंग फोडायची ताकद, डिस्पर्शन म्हणतात ती, हिऱ्याची ०.०४४ आणि याची ०.१०४, दुपटीहून जास्त. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्सही, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो त्याचं माप, हिऱ्याचा २.४२ आणि याचा २.६५ च्या आसपास. घरात ट्यूबलाइटखाली मात्र दोन्ही गप्प बसतात, तिथे लांबून मलाही फरक कळला नसता.

नेहमीच्या सराफाकडे नेली तर टेस्टरने बिनधास्त हिरा म्हणून पीं केलं 😄 साधे टेस्टर उष्णता किती पटकन वाहते तेवढंच बघतात आणि सिलिकॉन कार्बाइड त्यात आरामात पास होतं. मग काकांनी दहा पटीचं भिंग दिलं, म्हणाले, "ताई, सरळ वरून नका बघू, खडा तिरका धरा." धरला आणि मागच्या पैलूंच्या कडा दोन-दोन दिसायला लागल्या, चष्मा घरी राहिल्यावर एसटीची पाटी दिसते ना तश्शा. हिऱ्यात किरण एकच राहतो, इथे त्याला दोन वाटा फुटतात. वरून ते दिसू नये म्हणून खडा कापतानाच तशी दिशा धरून कापतात, हुशार लोक. तसं १८९३ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या उल्केत हेन्री मोआसाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला हे पहिल्यांदा सापडलं तेव्हा त्यालाही आधी हिराच वाटला होता, मग टेस्टरला काय बोलायचं. (आपल्याला मिळतो तो लॅबमधला.)

पाचपैकी चार स्टार. हिरा म्हणून खपवायची असेल तर उन्हात जाऊ नका, रंग आवडत असतील तर डोळे झाकून घ्या. एक स्टार कापला तो खडा धरणाऱ्या काट्यांसाठी, ओढणीचे धागे निघतात. घासून घ्यायला सराफाकडे टाकलीय आणि आई रोज विचारतेय कधी मिळणार, तिला परवा मुंजीला घालायचीय.